वखारीतल्या पोर्टेबल सॉ मिलला हायड्रॉलिक हात : प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

काम काय, तर काकांच्या रे रोडच्या वखारीत जी पोर्टेबल बँड सॉ मिल (पट्ट्यासारख्या फिरत्या पात्याने ओंडके चिरायचं मशीन) आहे तिला ओंडका चढवायला, फिरवायला, धरायला आणि लेव्हल करायला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर, लावायचं. हेड, म्हणजे मोटर आणि पातं असलेला भाग, ढकलायचं मात्र हातानेच. ते मोटरवर घ्यायचं नाहीये, कारण हाताने ढकलताना पातं कुठे अडतंय ते मनगटाला कळतं आणि आमच्याकडे जे लाकूड येतं त्यात अडण्यासारखं पुष्कळ असतं.

मशीन साधंच आहे. १४ फुटी बेड, त्यावर रुळ, रुळावर १० एचपी मोटरचं हेड, ३० इंचापर्यंतचा ओंडका बसतो. खाली एक्सल आणि दोन चाकं म्हणून पोर्टेबल म्हणायचं, जातंय कुठे, वखारीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे. बाहेर नेऊन चालवायचा प्रश्नच नाही, सॉ मिलला वनखात्याचं लायसन्स लागतं आणि १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या गोदावर्मन या जंगलतोडीवरच्या केसमधल्या आदेशानंतर नवीन लायसन्स मिळवणं म्हणजे महाकठीण काम, त्यामुळे काका त्यांचं जुनं लायसन्स लॅमिनेट करून देवाच्या फोटोशेजारी लावून बसलेत.

लाकूड जास्त करून मुंबईतलंच. रेन ट्री, आंबा, पीतमोहर, कधी जांभूळ, कधी फणस. पावसाळ्याआधी पालिकेची छाटणी चालू झाली की माल यायला लागतो आणि पावसात पडलेली झाडं वेगळी. १९७५ च्या वृक्ष कायद्याची परवानगी असलेला कागद नसेल तर काका गाडी गेटच्या आतच घेत नाहीत, त्या बाबतीत कडक.

आता त्रास कुठे आहे बघा. १० फुटाचा एक कट मारायला मिनिट-दीड मिनिट लागतं. पण तोच ओंडका चेन ब्लॉकने उचला, रॅम्पवरून लोटा, पहारीने फिरवा, पाचर मारा, परत लेव्हल बघा, यात तीन माणसं आणि अर्धा तास जातो. म्हणजे मिल चालते कमी आणि ओंडक्याशी कुस्ती जास्त. हायड्रा क्रेन बोलवावी तर आमची गल्ली अशी की बाहेर टेम्पो उभा असला की ती वळतच नाही, आणि आली तरी मिनिमम चार्ज लावते मग एक ओंडका उचला की दहा.

जूनच्या आत चालू करायचंय.

९ फेब्रुवारी

वजनाचा हिशोब केला. हे आधी लिहितो कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आपल्याकडे वखारीत गोल लाकूड मोजतात ते घेराच्या चौथ्या हिश्शाने. घेर इंचात, त्याचा पाव, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. २४ इंच व्यासाचा १० फुटी ओंडका घेतला तर घेर साधारण साडेपंच्याहत्तर इंच, आणि हिशोब येतो पावणेपंचवीस घनफुटाच्या आसपास. पण हा व्यवहाराचा हिशोब झाला. यात साल, चौरस करताना जाणारा माल वगैरे आधीच सोडलेला असतो, खरं घनफळ ३१.४ घनफूट आहे. म्हणजे व्यवहाराचा आकडा खऱ्याच्या साधारण ७८-७९ टक्के. सिलिंडरला व्यवहार कळत नाही, त्याला पूर्ण ३१.४ उचलायचंय! काकांनी तोंडी वजन सांगितलं ते आणि मी काढलं ते, यात दोनशे किलोचा फरक आला तो इथूनच.

ओलं लाकूड घनमीटरला १ टन धरलंय, सेफ साईडला. ३१.४ घनफूट म्हणजे ०.८९ घनमीटर, म्हणजे ९०० किलो धरा. हा आमचा रोजचा ओंडका. ३० इंची १२ फुटी असेल तर पावणेदोन टनाच्या जवळ जातो. तेवढा घ्यायचाच नाही असं ठरवलं. लिमिट दीड टन, बेडवर ऑइल पेंटने लिहून टाकणार.

१६ फेब्रुवारी

सिलिंडर ठरवले. ६३ एमएम बोअर (आतला व्यास), ३५ चा रॉड, ४०० स्ट्रोक (रॉड जेवढा बाहेर येतो ते), दोन नग, फक्त लोडरसाठी, म्हणजे ओंडका जमिनीवरून बेडवर चढवणाऱ्या हातांसाठी.

कसं ठरवलं ते. ६३ च्या बोअरचं क्षेत्रफळ ३१.१७ चौरस सेंमी, १५० बारला (बार म्हणजे तेलाच्या दाबाचं माप) एक सिलिंडर पावणेपाच टनाच्या आसपास ढकलतो. ऐकायला लय वाटतं ना, की ९०० किलोला साडेनऊ टन कशाला? गंमत लिव्हरमध्ये आहे. लोडरचे हात जमिनीवर आडवे असतात तेव्हा ओंडका पिव्हटपासून ६०० एमएम लांब बसतो आणि सिलिंडर त्याच वेळी सगळ्यात आडवा झोपलेला असतो, त्याचं पिव्हटपासूनचं लंब अंतर माझ्या ड्रॉइंगमध्ये जेमतेम १२० एमएम येतंय. म्हणजे सरळ ५ पट. ९०० किलोला साडेचार टन, दीड टनाला साडेसात टन. वर जाता जाता हे अंतर वाढत जातं आणि काम सोपं होतं, म्हणून जमिनीवरून सुटतानाची पहिली वीतभर उंची हीच खरी परीक्षा. ५० बोअर घेतला असता तर दोन्ही मिळून सहा टन, दीड टनवाला ओंडका जमिनीवरून हललाच नसता.

काका म्हणाले, "एवढं जाड कशाला, जॅक लाव ना ट्रकचा." मी म्हटलं काका, जॅक उचलेल, पण वर नेऊन अर्ध्यात थांबवायचा आणि परत हळू खाली आणायचा म्हणजे? ते गप्प बसले, म्हणजे पटलं.

२३ फेब्रुवारी

खरेदी. नागदेवी स्ट्रीटवरून व्हॉल्व्ह, फिटिंग, प्रेशर गेज. पूर्ण गल्लीत हातगाड्या आणि माणसं, पाय ठेवायला जागा नाही, पण बीएसपी (ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांच्या) फिटिंगचा कुठलाही नमुना दाखवा, पाच मिनिटांत काउंटरवर. सगळं बीएसपीच घेतोय, मेट्रिक एकही नाही, नाहीतर रात्री आठ वाजता एक निपल कमी पडला की अख्खं काम अडतं.

लोखंड दारूखान्यातून. आमच्या वखारीपासून चालत जाण्यासारखं आणि जहाज तोडीतला माल असल्यामुळे प्लेटची जाडी नुसती बघूनच आनंद होतो. १०० बाय ५० चे चॅनल, १६ एमएम प्लेट, चार इंची जाड पाईपचे तुकडे. जहाजाच्या प्लेटवर रंगाचे थर असतात ते वेल्डिंगच्या जागी ग्राइंडरने पूर्ण काढायचे, धूर नाकात घ्यायचा नाही, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

सिलिंडर तिथे जुनेही मिळतात, नव्याच्या अर्ध्या किमतीत. बघितले. रॉडवरून नख फिरवायचं, क्रोमवर कुठे नख अडलं तर तो रॉड सील खाणार. जे नीट होते त्यांचा स्ट्रोक जमत नव्हता, आणि दोघे सारखे मिळत नव्हते. शेवटी साकीनाक्याच्या एका गाळ्यात नवीन बनवायला टाकले. होळीच्या आधी देतो म्हणालाय. बघू.

२ मार्च

पॉवर पॅक, म्हणजे तेलाला दाब देणारा मोटर, पंप आणि टाकीचा संच.

मोटर ५ एचपी, १४४० आरपीएम, थ्री फेज. गिअर पंप ८ सीसीचा, म्हणजे गळती वजा जाता मिनिटाला साडेदहा लिटर धरा. १५० बार गुणिले साडेदहा भागिले ६०० म्हणजे २.६ किलोवॅट, पंपाची एफिशियन्सी धरून ३.१, आणि ५ एचपी म्हणजे ३.७. बसतंय. लोडरच्या दोन्ही सिलिंडरला पूर्ण स्ट्रोकला अडीच लिटर लागतं म्हणजे वर जायला १४ सेकंद. खाली येताना रॉडच्या बाजूला जागा कमी असते म्हणून तेवढ्याच तेलात लवकर येतो, हे लक्षात ठेवायचं, उतरणं नेहमी चढण्यापेक्षा फास्ट असतं.

टाकी ४० लिटरची. सक्शनला स्ट्रेनर, रिटर्नला १० मायक्रॉनचा फिल्टर, आणि ब्रीदर (टाकीत हवा ये-जा करायची जाळी) मोठ्यातला मोठा. वखारीत भुसा सगळीकडे जातो, चहात जातो तर तेलात जाणारच, म्हणून ब्रीदर चांगला दोन फूट पाईप लावून वर उंच नेलाय. रिटर्नचा पाईप तेलाच्या लेव्हलखाली सोडला आणि सक्शनपासून लांब, मध्ये आडवी प्लेट. वरून तेल पडलं तर फेस होतो, फेस पंपात गेला की पंप कोकलतो.

तेल आयएसओ व्हीजी ६८ (आकडा तेलाच्या दाटपणाचा, जास्त म्हणजे दाट). बरेच जण ४६ सांगतात आणि ते चुकीचं नाही, पण मे महिन्यात रे रोडला पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोन वाजता उभं राहून बघा म्हणजे ६८ का ते कळेल.

एक महत्त्वाचं. थ्री फेजमध्ये दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते, आणि गिअर पंप उलटा फिरला की शाफ्टचं सील उडतं. त्यामुळे कपलिंग जोडायच्या आधी मोटर नुसती फिरवून बाण काढला आणि पॅनलमध्ये फेज प्रिव्हेंटर टाकला, फेज उलटे झाले की तो मोटर चालूच होऊ देत नाही. बेस्टचं मीटर, लोडमध्ये जागा होती कारण जुना रंधा मशीन विकलाय.

१० मार्च

सिलिंडर आले नाहीत. होळी झाली, रंग खेळून झाला, तो फोन उचलत नाही.

१५ मार्च

सिलिंडर आले. चांगले आहेत, बोलण्यासारखं काही नाही.

मशीन पलटी होण्याचा विषय घेतला. हाताने ओंडका चढवताना रॅम्पचं एक टोक जमिनीवर असतं त्यामुळे वजन वाटलं जातं. लोडरने उचलला की जमीन सुटते आणि सगळं वजन मशीनच्या एका बाजूला लटकतं. आमची मिल हेडसकट ११०० किलोच्या आसपास, आणि मधून पायापर्यंतचं अंतर ४५ सेंमी, म्हणजे मशीन स्वतःला धरून ठेवायला ४९५ किलो-मीटर देतं. समोर ९०० किलोचा ओंडका पायाच्या बाहेर ७० सेंमीवर, म्हणजे ६३०. सरळ हिशोब आहे, ओंडका जागेवर राहील आणि मशीन उठून त्याच्या अंगावर येईल.

म्हणून लोडरच्या बाजूला दोन आऊटरिगर, चॅनलमध्ये चॅनल सरकणारे, बाहेर १ मीटरपर्यंत जातात, खाली स्क्रू जॅक आणि जॅकखाली फूटभर चौरस प्लेट. ओंडका जिथे पडतो त्याच्या बाहेर पाय गेला की पलटी होण्याचा मुद्दाच संपतो. वखारीची जमीन म्हणजे वर कोबा आणि खाली भराव, बंदराकडची जमीन सगळी तशीच, त्यामुळे प्लेटशिवाय जॅक रोवलात तर पहिल्याच ओंडक्याला कोबा फुटणार. पायाच्या पिनला साखळी लावली, म्हणजे कोणी "आत्ता शोधत होतो" म्हणून सळई घालणार नाही.

२२ मार्च

लोडरचे हात. हे काम चाचांनी केलं, आमचे वेल्डर, दारूखान्यात उभी हयात गेली.

दोन हात, मध्ये ६ फूट अंतर. दोन सिलिंडरला एकाच लायनीतून तेल दिलं तर तेल जिकडे हलकं तिकडे आधी जातं. आणि ओंडका कधीच दोन्हीकडे सारखा नसतो, बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे बारीक. म्हणजे शेंड्याकडचा हात आधी वर जाणार, ओंडका तिरका होणार, घसरणार. यावर फ्लो डिव्हायडर हा एक उपाय आहे पण तोही थोडाफार मागेपुढे होतोच. आम्ही दोन्ही हात एकाच चार इंची पाईपवर वेल्ड केले, पाईप बुशिंगमध्ये फिरतो. आता एक हात एकटा उठूच शकत नाही, जाड बाजूला जोर कमी पडला तर दुसरा सिलिंडर पाईपमधून मदत करतो. पाईपला पीळ बसतो, म्हणून पातळ पाईप घ्यायचा नाही, आणि गसेट (जोडाला आधाराच्या तिकोनी पट्ट्या) द्यायचे.

चाचांची पद्धत बघण्यासारखी. बुश (पाईप ज्यात फिरतो त्या कड्या) आधी वेल्ड केलेच नाहीत. सगळ्या बुशमधून एक सरळ शाफ्ट ओवला, दोरी ताणली, टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारले, शाफ्ट हाताने फिरतोय का बघितलं, परत टॅक, परत फिरवलं, आणि मग उलटसुलट बाजूने थोडं थोडं वेल्ड करत गेले. मी घाई केली तर म्हणाले "लोहा गरम में झूठ बोलता है, ठंडा होने दे". बुश गनमेटलचे, पिना ईएन-८ च्या, प्रत्येक पिनला ग्रीस निपल.

५ एप्रिल

पहिल्यांदा तेल भरलं. ओंडक्याशिवाय वर खाली, वर खाली, हवा निघेपर्यंत. हवा असेपर्यंत हात थरथरतात आणि टाकीत बुडबुडे दिसतात, ते थांबले की मग तेल परत लेव्हलला भरायचं.

मग आंब्याचा मध्यम ओंडका. रिलीफ, म्हणजे दाब जास्त झाला की तेल टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह, १५० वर. गेज ८५ वर गेलं आणि उचलला. वखारीतली सगळी मंडळी काम सोडून बघत होती, शेजारच्या गाळ्यातलेसुद्धा. वर जाताना लोण्यासारखा गेला.

अर्ध्यात थांबवला. इथे एक गोष्ट, लिव्हरवाला व्हॉल्व्ह न्यूट्रलला आला तरी आतला स्पूल (तेलाची वाट बदलणारा दांडा) थोडा गळतोच, ती त्याची रीतच आहे. त्यामुळे नुसत्या लिव्हरवर ओंडका टांगून ठेवला तर दहा मिनिटांत तो इंच-दोन इंच खाली आलेला असतो. म्हणून लोडवर लॉक लागतो. पायलट चेक व्हॉल्व्ह (तेल परत येऊ न देणारा, दुसऱ्या लायनीत दाब आला तरच उघडणारा) स्वस्त म्हणून आधी तो लावून बघितला. थांबवतो झकास, एक केसभर हलत नाही. पण खाली सोडताना खडखडखड, सगळं मशीन हादरायला लागलं. कारण असं की वजन स्वतःच खाली धावतं, ते धावलं की पंपाच्या बाजूचं प्रेशर पडतं, प्रेशर पडलं की चेक बंद, बंद झाला की प्रेशर चढतं, चढलं की परत उघडतो, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा. ९०० किलो असं हापटत उतरलं तर वेल्डिंग किती दिवस टिकेल?

तिथे काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह लागतो. तो एकदम उघडत-मिटत नाही, वजनाला अडवत अडवत सोडतो. महाग आहे, आणि सेटिंग लोडच्या प्रेशरच्या साधारण १.३ पट ठेवायचं असतं. आमचं दीड टनाला ११८ बार येतं, म्हणजे १५५ च्या आसपास.

११ एप्रिल

काउंटरबॅलन्स बसवले, थेट सिलिंडरच्या पोर्टवर. मध्ये होज ठेवलाच नाही, कारण होज फुटला तर व्हॉल्व्हच्या अलीकडे फुटायला हवा, पलीकडे फुटला तर व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. लिव्हर जेवढी दाबाल तेवढाच खाली. काकांनी स्वतः लिव्हर घेतली, ओंडका बेडच्या वर दोन बोटं थांबवला, माझ्याकडे बघितलं, आणि मग टेकवला. आवाजही आला नाही. त्यानंतर दिवसभर लिव्हर कोणाला दिली नाही त्यांनी.

१९ एप्रिल

टर्नर, म्हणजे ओंडका बेडवरच फिरवणारा. दोन प्रकार, एक चेनवाला, हायड्रॉलिक मोटर लावून दातेरी साखळी ओंडका गोल फिरवते, आणि दुसरा पंजावाला, खालून हात वर येतो आणि दात सालीत रुतवून फिरवतो. चेनवाला गोल सरळ ओंडक्याला राजा आहे. पण आपला माल म्हणजे रेन ट्री! ते झाड मुळात दक्षिण अमेरिकेकडचं, इथे रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावलं आणि ते सावलीसाठीच वाढलं, आडवं. सरळ खोड सहा-आठ फूट, मग फाटे. गाठी, खोबणी, वाकडेपणा. त्याचा गाभा सुंदर निघतो, चॉकलेटी, बाहेरून पिवळसर पट्टा, टेबल टॉपवाले रांग लावतात त्याच्यासाठी, पण गोल म्हणाल तर तो कुठेच नाही. म्हणून पंजा.

एक सिलिंडर ६३ चा पंजाला. साल जाड आणि भुसभुशीत असली की दात साल घेऊन वर येतात आणि ओंडका तिथेच. उपाय म्हणजे पंजा एकदम मध्ये न लावता थोडा टेकूच्या विरुद्ध बाजूला लावायचा, आणि दात लांब नको, आखूड पण रुंद. आणि टेकू, म्हणजे पलीकडच्या बाजूचे उभे खांब, ओंडका फिरवताना पूर्ण वर पाहिजेतच, नाहीतर ओंडका फिरायच्या ऐवजी पलीकडे उतरेल. हे इतकं पक्कं पाहिजे की लिव्हरची रांगच तशी लावलीये, टेकू पहिला, टर्नर त्याच्या शेजारी.

अजून एक. आमचा व्हॉल्व्ह बँक पॅरलल आहे, दोन लिव्हर एकदम ओढल्या की तेल सोप्या बाजूला पळतं. पोरांना सांगून ठेवलंय, एका वेळी एकच.

२७ एप्रिल

क्लॅम्प, म्हणजे कापताना ओंडका टेकूंवर दाबून धरणारा. ४० बोअरचा सिलिंडर. १५० बारला पावणेदोन-दोन टन दाब येतो आणि तेवढा दिला तर शेवटच्या दोन फळ्या राहिल्यात तेव्हा त्या धनुष्यासारख्या वाकतात, वाकलेल्यावर कट मारला की सोडल्यावर फळी मध्ये पातळ. म्हणून क्लॅम्पच्या लायनीला प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, ४० बारवर. ५०० किलो दाब, पुरे आहे. आणि इथे पायलट चेक लावला, तोच लोडरवरून काढलेला, कारण इथे वजन खाली धावायचा प्रश्न नाही, नुसतं धरून ठेवायचंय, आणि त्या कामात तो एक नंबर.

पातं क्लॅम्पला लागणं ही सगळ्या बँड मिलची जुनी दुखणी. खालच्या फळ्यांकडे येताना टेकू आणि क्लॅम्प खाली घ्यायचे विसरले की पातं गेलं. टेकूंवर तीन रंगाचे पट्टे मारलेत आणि हेडच्या उंचीच्या पट्टीवर तेच तीन रंग. हेड लाल पट्ट्यात आलं की टेकू लालच्या खाली. क्लॅम्पच्या तोंडाला लाकडी गुटका बोल्ट केलाय, त्यातही बोल्टचं डोकं गुटक्याच्या खालच्या अंगाला. लागलंच तर लाकूड कापू दे.

३ मे

लेव्हलिंग. बुंधा २६ इंच, शेंडा २२ इंच असेल तर शेंडा २ इंच उचलायचा, म्हणजे फरकाचा अर्धा, की गाभा पात्याला समांतर येतो आणि दोन्ही बाजूच्या फळ्यांचे रेषे सारखे निघतात. आधी हे पाचर आणि हातोड्यावर होतं. आता बेडच्या दोन टोकांना आखूड सिलिंडर, वर रोलर. रोलरचा एक फायदा अजून, ओंडका पुढेमागे सरकवायला हात लागला की सरकतो.

१० मे

तेल तापतंय. दुपारी टाकीला हात लावला तर ठेवता येईना, थर्मामीटर ६८ डिग्री दाखवतो. ६० च्या वर नको.

सर्किट ओपन सेंटर आहे, म्हणजे लिव्हर न्यूट्रलला असली की तेल विनाप्रेशर टाकीत परत, तिथे उष्णता होत नाही. मग होते कुठे? उभं राहून बघितलं. पोरगा क्लॅम्प पूर्ण लागल्यावरही लिव्हर दाबून ठेवतो, "दादा, सुटला तर?" म्हणून. स्ट्रोक संपल्यावर लिव्हर दाबून ठेवली की सगळं तेल रिलीफमधून जातं आणि अडीच किलोवॅट नुसती टाकी तापवतात, घरातला मोठा गिझर लावल्यासारखं. त्याला चेक व्हॉल्व्ह उघडून दाखवला, आतली गोळी दाखवली, की बघ, तू सोडलीस तरी हा धरून ठेवतो. तेव्हा पटलं त्याला. कूलर लावायचं डोक्यात होतं ते सोडून दिलं. आता दुपारी ५४-५५.

१७ मे

सेफ्टीचं. होज सगळे आर-टू, दोन वायरवाले, माणूस उभा राहतो तिथे वरून कापडी स्लीव्ह. बारीक गळती दिसली तर हाताने चाचपायचं नाही, कधीच नाही. सुईएवढ्या भोकातून १५० बारचं तेल कातडीच्या आत घुसतं, दिसायला टोचल्यासारखं दिसतं आणि उशीर झाला तर हात जायची वेळ येते, ते ऑपरेशनचंच काम असतं. पुठ्ठा फिरवायचा, पुठ्ठ्यावर ओल दिसते. हे मराठीत आणि हिंदीत दोन्ही लिहून पॅनलवर लावलंय.

हात वर असताना खाली काम करायचं असेल तर दोन्ही हातांना लोखंडी पिन, मग व्हॉल्व्ह कितीही भारी असो. लाईट गेली तर ओंडका वरच राहतो, काउंटरबॅलन्सचा स्क्रू फिरवून हळू उतरवता येतो, ते काका आणि मी सोडून कोणी करायचं नाही.

सगळ्यात अवघड काम म्हणजे पहार सोडवणं. ओंडका फिरताना जरा अडला की आमचा जुना हमाल पहार घेऊन धावतो, हातच शिवशिवतात त्याचे. वीस वर्षं त्याने तेच केलं, त्याला मी काय सांगणार. पण पंजा फिरत असताना पहार मध्ये अडकली तर ती त्याच्याच छातीवर येईल. काकांनी सांगितलं शेवटी, माझं ऐकलं नसतं. जमिनीवर पिवळी रेघ मारलीये, लिव्हर हातात असताना रेघेच्या आत कोणी नाही.

२४ मे

छाटणीचा माल यायला लागला. रेन ट्रीचे जाड फाटे आणि एक पूर्ण खोड, सोसायटीच्या आवारातलं, कागदपत्रासकट.

रस्त्यावरच्या झाडात खिळे असतातच. पाट्या, बॅनर, लायटिंगच्या वायरी, क्लासेसच्या जाहिराती, सगळं झाडाला ठोकतात आणि झाड वर्षानुवर्षं ते गिळत जातं, वरून काही दिसत नाही. आधी ओंडका फिरवायचा कंटाळा म्हणून मेटल डिटेक्टर दोनच बाजूला फिरायचा. आता टर्नरने चारी बाजू वर आणतो आणि पूर्ण फिरवतो. या खोडात मूठभर निघाले, एक तर सहा इंची रेल्वेचा वाटावा असा. पातं वाचलं. मला वाटतं हायड्रॉलिकचे पैसे ओंडके उचलण्यात नाही, इथे वसूल होणार आहेत.

वेळ म्हणाल तर चढवून, फिरवून, क्लॅम्प लावून पहिला कट चालू व्हायला चार-पाच मिनिटं. माणसं दोन. तिसरा आता फळ्या थर लावून, मध्ये पट्ट्या टाकून रचायला मोकळा झालाय, जे काम आधी कायम राहून जायचं आणि मग फळ्या वाकड्या व्हायच्या.

७ जून

पाऊस चालू. पॉवर पॅकवर पत्र्याची टोपी, ब्रीदरवर उलटी बाटली तात्पुरती, सिलिंडरचे रॉड काम संपल्यावर पूर्ण आत घेऊन ठेवायचे म्हणजे क्रोम उघडं राहत नाही, आपली खारी हवा रात्रीत काम दाखवते. पिनांना ग्रीस दर शनिवारी. तेलाचा नमुना बाटलीत काढून ठेवलाय, दुधाळ दिसायला लागला तर पाणी शिरतंय समजायचं.

राहिलेलं. टर्नरच्या सिलिंडरच्या वायपरला (रॉड पुसणाऱ्या तोंडाच्या सीलला) ओल दिसतेय, सालीचा चिकट चीक आणि भुसा मिळून रॉडवर लेप बसतो त्याचा तो परिणाम. सील किट साकीनाक्याला सांगितलंय आणि रॉडवर रबरी भाता चढवायचाय. आऊटरिगरच्या प्लेटखाली जाड फळ्या टाकायच्यात, कोबा ओला झाल्यापासून डावा पाय थोडा बसलाय. लिव्हरचं स्टँड फूटभर मागे घ्यायचंय, काकांना चष्म्याशिवाय गेज दिसत नाही म्हणून ते वाकून बघतात आणि रेघेच्या आत येतात, त्यापेक्षा गेजच मोठ्या डायलचं आणतो.